टॉपस्पिन २के२५ मध्ये दमदार खेळाडू कसा घडवावा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

टेनिसचा व्हिडिओ गेम नव्याने हाती घेणारे बहुतेक जण स्वतःचा खेळाडू तयार करताना चेहरा, केस आणि कपडे निवडण्यात तासभर रमतात आणि क्षमतेच्या गुणांचे रकाने मात्र दोन मिनिटांत भरून मोकळे होतात. पहिले काही सामने जिंकताही येतात, कारण सुरुवातीचे प्रतिस्पर्धी कच्चे असतात. पुढे वरच्या दर्जाच्या स्पर्धा सुरू झाल्या की तोच खेळाडू प्रत्येक गोष्टीत थोडाथोडा कमी पडू लागतो, आणि नेमके कुठे चुकले हे काही केल्या सापडत नाही. हा लेख त्या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी, आणि शक्य झाल्यास तिथे पोहोचण्याआधीच सावध होऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

येथे विचार केला आहे तो टॉपस्पिन २के२५ या गेमचा. हँगर १३ या स्टुडिओने तयार केलेला आणि टूके कंपनीने प्रकाशित केलेला हा गेम एप्रिल २०२४ मध्ये आला. मालिका २००३ सालची आहे आणि तिचा चौथा भाग २०११ मध्ये आला होता, म्हणजे मध्ये तेरा वर्षांचा खंड पडला. हा तपशील सांगण्याला कारण आहे. इंटरनेटवर शोध घेतल्यास चौथ्या भागाविषयीचे जुने सल्ले अजूनही मोठ्या प्रमाणात सापडतात. त्या भागात प्रत्येक पातळीवर ठरावीक खेळशैलींपैकी एक निवडली की अनेक गुण एकगठ्ठा वाढत असत. नव्या भागात गुण आपल्या हाताने एकेका रकान्यात घालावे लागतात. जुना सल्ला जसाच्या तसा येथे लागू करू नये.

लागणारी सामग्री

- प्लेस्टेशन ४ किंवा ५, एक्सबॉक्स वन किंवा सिरीज एक्स अथवा एस, नाहीतर स्टीमवर गेम चालवू शकेल असा संगणक.
- कंट्रोलर. संगणकावर खेळणाऱ्यांनीही तो घ्यावा, कारण दिशा आणि वेळ या दोन्हींवर एकाच क्षणी नियंत्रण ठेवण्यासाठी कीबोर्ड गैरसोयीचा पडतो.
- टूकेचे खाते आणि स्थिर इंटरनेट. मायप्लेअर म्हणजे आपण घडवलेला खेळाडू आणि मायकरिअर म्हणजे त्याची कारकीर्द, या दोन्हींसाठी जोडणी लागते. गेम जुना होत चालला आहे, म्हणून विकत घेण्यापूर्वी त्याची ऑनलाइन सेवा चालू आहे याची खात्री करून घ्यावी.
- एक वही. गुणांचे आकडे लिहून ठेवण्याची सवय पुढे फार उपयोगी पडते.

१. आधी पडदा तपासा

या गेमचा सारा डोलारा वेळेवर उभा आहे. चेंडू येत असताना बटण किती लवकर दाबले आणि नेमके कधी सोडले, यावर फटक्याची अचूकता ठरते. दिवाणखान्यातील मोठा टीव्ही चित्र सुंदर दिसावे म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतो आणि तेवढा वेळ चित्र मागे पडते. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करावा, आणि शक्य असल्यास कंट्रोलर वायरने जोडावा. आपला प्रत्येक फटका ‘उशिरा’ म्हणून नोंदला जात असेल तर खेळाडूच्या गुणांना दोष देण्यापूर्वी हे एकदा पाहावे. याची खबर नसल्याने कित्येकांनी गुणांची उगाचच उलथापालथ केलेली असते.

२. अकॅडमीचे धडे टाळू नका

टॉपस्पिन अकॅडमी या विभागात माजी अव्वल टेनिसपटू जॉन मॅकेन्रो यांच्या आवाजात धडे दिलेले आहेत. पहिले धडे अगदी प्राथमिक वाटतात आणि ते ओलांडून पुढे जाण्याचा मोह होतो. तो आवरावा. बटण हलकेच दाबून सोडले तर नियंत्रित फटका बसतो आणि धरून ठेवून योग्य क्षणी सोडले तर ताकदीचा फटका बसतो, हा फरक वाचून कळत असला तरी बोटांत मुरायला वेळ लागतो. फ्लॅट (सपाट), टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी), स्लाइस (उलटी फिरकी), लॉब (प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून उंच) आणि ड्रॉप शॉट (नेटपलीकडे अलगद) यांपैकी प्रत्येक फटका दोन्ही बाजूंनी, म्हणजे तळहाताकडून (फोरहँड) व त्याच्या उलट बाजूने (बॅकहँड), आणि दोन्ही प्रकारे मारून पाहावा.

येथे एक सापळा आहे. ताकदीचा फटका दिसायला आकर्षक असतो, म्हणून नवखे खेळाडू प्रत्येक चेंडूवर तोच मारायला जातात. त्यासाठी पाय वेळेत जागेवर पोहोचलेले असावे लागतात. धावत, ताणून किंवा मागे रेलून मारताना नियंत्रित फटकाच घ्यावा. संपूर्ण सामन्यात नियंत्रित फटक्यांची संख्या ताकदीच्या फटक्यांपेक्षा बरीच जास्त असणे हे चांगल्या खेळाचे लक्षण आहे, असे माझे मत आहे.

३. पॉइंट कसा जिंकायचा हे आधी ठरवा

हाच या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. गुणांचे वाटप करण्यापूर्वी आपला खेळाडू पॉइंट कसा संपवणार, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे. ‘सर्व्हिस बाहेर काढायची आणि उरलेल्या मोकळ्या कोर्टात फोरहँड मारायचा’ हे उत्तर झाले. ‘प्रतिस्पर्धी चुकेपर्यंत चेंडू खोलवर परतवत राहायचे’ हेही उत्तर झाले. ‘सगळेच चांगले खेळायचे’ हे उत्तर नव्हे.

उत्तर सापडत नसेल तर स्वतःचा खेळाडू तयार करण्याआधी प्रदर्शनीय सामन्यांच्या विभागात काही दिवस नामवंतांना घेऊन खेळावे. पीट सॅम्प्रस घेतला की मोठी सर्व्हिस करून नेटकडे धाव घेण्याची चव कळते. आंद्रे आगासी घेतला की बेसलाइनला म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला चिकटून चेंडू लवकर उचलण्याचा खेळ कळतो. दानिल मेदवेदेव मागे उभा राहून कंटाळा न करता चेंडू परत पाठवत राहतो, तर इगा श्वियाँतेक जड टॉपस्पिनने प्रतिस्पर्ध्याला मागे रेटते. कोणासोबत आपण जास्त सामने जिंकतो, यापेक्षा कोणासोबत खेळताना पुढचा फटका आपोआप सुचतो याकडे लक्ष द्यावे.

प्रत्येक शैलीची किंमत असते, हेही याच वेळी मनाशी स्वीकारावे. खऱ्या टेनिसमध्ये सॅम्प्रसने चौदा ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवली, त्यांतील सात विम्बल्डनची होती, आणि तरीही फ्रेंच ओपन त्याला एकदाही जिंकता आली नाही. गवतावर भेदक ठरणारा खेळ लाल मातीवर अपुरा पडतो. आपला खेळाडूही एखाद्या पृष्ठभागावर थोडा कमी पडणार असेल तर त्याने बिघडत नाही.

४. हात, बॅकहँड आणि सर्व्हिसची ढब

रूप, उंची आणि पोशाख आपल्या आवडीने निवडावेत, त्यांवर येथे शब्द खर्च करत नाही. तीन गोष्टी मात्र विचारपूर्वक ठरवाव्यात.

पहिली गोष्ट हाताची. बहुतेक प्रतिस्पर्धी उजव्या हाताने खेळतात. आपला खेळाडू डावखुरा असेल तर त्याचा तिरका फोरहँड उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर जाऊन पडतो. फ्रेंच ओपन चौदा वेळा जिंकलेल्या राफाएल नदालने रॉजर फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याच्या उंचीचे टॉपस्पिन टाकत त्याला वर्षानुवर्षे कोंडीत पकडले, ते याच कोनातून. शिवाय डावखुऱ्याची स्लाइस सर्व्हिस अ‍ॅडव्हांटेजच्या (म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या डावीकडच्या) बाजूला कोर्टाबाहेर वळत जाते, आणि ४०-३०, ३०-४० व अ‍ॅडव्हांटेज हे निर्णायक पॉइंट त्याच बाजूला खेळले जातात. अकॅडमीत ज्यांचा आवाज ऐकू येतो ते मॅकेन्रोही डावखुरेच. मात्र सुरुवातीला दिशांचा गोंधळ उडतो, तेव्हा ज्यांना लवकर निकाल हवा आहे त्यांनी उजवा हातच निवडावा.

दुसरी गोष्ट बॅकहँडची. एकहाती बॅकहँड देखणा असतो आणि स्लाइस मारणाऱ्यांना तो भावतो. तरीही पहिल्या खेळाडूसाठी दोन हातांचा बॅकहँड घ्यावा, असे मी सुचवेन.

तिसरी गोष्ट सर्व्हिसच्या ढबीची, आणि ती सर्वाधिक दुर्लक्षित आहे. गेममध्ये सर्व्हिसच्या निरनिराळ्या ढबी निवडता येतात. चेंडू वर फेकण्यापासून रॅकेट लागेपर्यंतची लय प्रत्येकीत वेगळी असते. आवडत्या खेळाडूची ढब म्हणून एखादी निवडू नये. चार-पाच ढबी करून पाहाव्यात, आणि जिच्यात चेंडू सर्वांत उंच गेल्याचा क्षण आपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसतो ती ठेवावी. एकदा ठरली की महिनोन्महिने बदलू नये, कारण सर्व्हिसची वेळ ही पाठांतराने येते.

५. गुणांचे वाटप

खेळाडूची क्षमता फोरहँड, बॅकहँड, सर्व्हिस, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), ताकद, दम, वेग आणि रिफ्लेक्स (झटपट प्रतिक्रिया) अशा आठ रकान्यांत मांडलेली असते. सामने खेळून अनुभव मिळतो, अनुभवाने पातळी वाढते आणि पातळी वाढली की वाटपासाठी गुण मिळतात. हे गुण आठही रकाने काठोकाठ भरण्याइतके कधीच नसतात. म्हणून कोणता रकाना भरायचा याइतकाच कोणता रिकामा ठेवायचा हाही निर्णय आहे.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे समान वाटप. प्रत्येक रकान्यात थोडेथोडे घातले की खेळाडू संतुलित झाला असे वाटते. प्रत्यक्षात असा खेळाडू पॉइंट कशानेही संपवू शकत नाही, कारण त्याचा एकही फटका प्रतिस्पर्ध्याला धोक्याचा वाटत नाही. पंगतीत सगळे पदार्थ चवीपुरते वाढावेत आणि एकानेही पोट भरू नये, तशी त्याची गत होते.

बेसलाइनवरून आक्रमक खेळणाऱ्यासाठी मी पुढील क्रम सुचवतो. प्रथम फोरहँड आणि वेग यांत गुण घालावेत. फोरहँडने पॉइंट संपतो हे उघड आहे, पण वेग का, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर असे की वेगवान खेळाडू चेंडूपर्यंत लवकर पोहोचतो, थांबून मारायला त्याला जास्त अवकाश मिळतो, आणि बॅकहँडच्या बाजूचे चेंडूही तो वळसा घेऊन फोरहँडने मारू शकतो. म्हणजे वेगाचा एक गुण फोरहँडच्या गुणालाही कामाला लावतो. त्यानंतर ताकद आणि दम ही जोडी एकत्र वाढवावी. नुसती ताकद वाढवली तर ताकदीचे फटके मारून खेळाडू सेटच्या मध्यावरच थकतो, आणि थकलेल्या खेळाडूचे फटके सैल पडू लागतात. बॅकहँड हा शस्त्र म्हणून वाढवू नये. तो इतकाच असावा की तिरक्या रॅलीत तीन-चार चेंडू सुरक्षित परतवता येतील. सर्व्हिस त्याच्या बरोबरीने न्यावी. व्हॉली आणि रिफ्लेक्स शेवटी.

सर्व्हिस करून नेटकडे जाणाऱ्याचा क्रम जवळजवळ उलटा असतो. सर्व्हिस, व्हॉली आणि रिफ्लेक्स हे त्याचे तीन खांब आहेत, कारण नेटजवळ विचाराला वेळ नसतो आणि अंगावर येणारा चेंडू अडवता आला नाही तर पुढे येण्यालाच अर्थ उरत नाही. त्यांच्या जोडीला वेग. दमाची गरज त्याला कमी भासते, कारण त्याचे पॉइंट आखूड असतात. ही शैली गवतावर मजा आणते, परंतु प्रतिस्पर्ध्याचा पासिंग शॉट (नेटजवळ आलेल्याच्या बाजूने काढलेला फटका) आणि लॉब ओळखण्याची सवय लागेपर्यंत ती फार निराश करते. पहिला खेळाडू म्हणून तिची शिफारस मी करणार नाही.

चिवट बचाव करणाऱ्याने वेग आणि दम यांना अग्रक्रम द्यावा आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्यात. समानतेचा नियम फक्त येथे, आणि तोही फोरहँड-बॅकहँडपुरताच लागू होतो.

मिळालेले गुण लगेच खर्च करण्याची घाई नसावी. दोन-तीन पातळ्यांचे गुण साठवून ठेवावेत, आपण कोणत्या प्रकारच्या पॉइंटवर हरतो ते सामन्यांत पाहावे आणि मग निर्णय घ्यावा. वाटप मोडून पुन्हा करायचे झाल्यास गेममधील व्हीसी हे चलन मोजावे लागते. त्यामुळे प्रत्येक बदलापूर्वीचे आठही आकडे वहीत टिपून ठेवावेत, म्हणजे प्रयोग फसला तरी मागे येण्याची वाट माहीत असते.

६. रॅकेटची फिटिंग्ज आणि प्रशिक्षक

रॅकेटला लावायची फिटिंग्ज खेळाडूचे काही गुण वाढवतात. ती लावण्यापूर्वी कोणत्या रकान्यात काय फरक पडतो ते पाहावे. शक्यतो ती मुख्य शस्त्र अधिक धारदार करण्यासाठी वापरावीत. रिकाम्या ठेवलेल्या रकान्यात त्यांनी किंचित भर घातल्याने खेळात काहीही फरक पडत नाही.

प्रशिक्षक ठरावीक उद्दिष्टे देतो आणि ती पूर्ण झाल्यावर त्याचे फळ मिळते. प्रशिक्षक निवडताना त्याची उद्दिष्टे आपल्या नेहमीच्या खेळातून सहज पूर्ण होतील का, हे तपासावे. बेसलाइनवरच्या खेळाडूने नेटजवळची उद्दिष्टे देणारा प्रशिक्षक घेतला तर ती गाठण्याच्या नादात जिंकता येणारे सामने हातचे जातात.

व्हीसी खेळून मिळवता येतात आणि खऱ्या पैशांनीही विकत घेता येतात. पैसे घालण्याची गरज नाही, असे मी ठामपणे सांगतो. मात्र कमावलेले व्हीसी आधी खेळावर खर्च करावेत. कपडे, चष्मे आणि मनगटपट्ट्या यांच्यावर ते किती झटपट संपतात याचा अंदाज दुकानाच्या पहिल्या फेरीतच येतो. ज्या घरी हा गेम लहान मुले खेळतात तेथे कार्डाचा तपशील कन्सोलमध्ये साठवून ठेवू नये.

७. कारकिर्दीचे वर्ष आखा

मायकरिअरमध्ये सराव, विशेष सामने आणि स्पर्धा महिन्यांनुसार समोर येतात. हाती येईल त्यात उतरायचे, असा नवख्यांचा कल असतो. सततच्या खेळाने आणि प्रवासाने थकवा साचतो आणि दुखापतीची शक्यता वाढते. जगाच्या निरनिराळ्या भागांत घर घेतल्याने प्रवासाचा शीण कमी होतो, पण हा पुढच्या टप्प्यावरचा खर्च आहे. सुरुवातीला विश्रांती हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि मोठ्या स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात ती अवश्य घ्यावी.

वर्षाची आखणी चार ग्रँड स्लॅमभोवती करावी. प्रत्यक्षातील वेळापत्रक ध्यानात ठेवले की हे सोपे जाते. जानेवारीत मेलबर्नला हार्ड कोर्ट, मेअखेरीस पॅरिसला लाल माती, जूनअखेरीस विम्बल्डनचे गवत आणि ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्कला पुन्हा हार्ड कोर्ट. चारांपैकी दोन स्पर्धा हार्ड कोर्टवर असल्याने पहिल्या खेळाडूचे वाटप त्याच पृष्ठभागाला अनुसरून करणे शहाणपणाचे. मातीवर चेंडू संथ होऊन उंच उसळतो, तेव्हा रॅली लांबतील हे गृहीत धरून ताकदीचे फटके राखून वापरावेत. गवतावर चेंडू खाली राहतो, तेव्हा स्लाइसची धार वाढते.

८. कोर्टाचे माप लक्षात ठेवून खेळा

गुण कितीही चांगले वाटले तरी चेंडू कोठे मारायचा हे माहीत नसेल तर ते वाया जातात. एकेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजल्यास हे अंतर २५ मीटरहून थोडे अधिक भरते. नेटची उंची मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर, तर खांबांजवळ १.०७ मीटर असते. म्हणजे तिरका फटका नेटच्या सखल भागावरून जातो आणि त्याला उतरायला जागाही जास्त मिळते. बाजूच्या रेषेलगतचा सरळ फटका या दोन्ही बाबतींत अवघड आहे.

त्यावरून एक साधा नियम निघतो. रॅली तिरकी चालू ठेवावी, प्रतिस्पर्धी कोपऱ्याबाहेर ओढला गेला आणि आपण थांबून मारण्याच्या स्थितीत असलो, तरच चेंडू सरळ रेषेत न्यावा. कंट्रोलरवरची दिशा देणारी काडी (स्टिक) शेवटपर्यंत दाबून धरल्याने चेंडू बाहेर जातो, ही तक्रार नवख्यांकडून वारंवार ऐकू येते. काडी निम्मीच कलवावी आणि रेषेपासून हातभर आत निशाण धरावे.

९. ऑनलाइन सामने

वर्ल्ड टूर या विभागात आपला खेळाडू जगभरातील इतरांनी घडवलेल्या खेळाडूंशी भिडतो. संगणकाचा प्रतिस्पर्धी आणि माणूस यांत फरक आहे. माणूस आपली सवय हेरतो. सर्व्हिस सलग तीनदा एकाच कोपऱ्यात गेली तर चौथ्या वेळी तो तेथे आधीच उभा असतो. म्हणून सर्व्हिसच्या किमान दोन दिशा सारख्या विश्वासाने करता येईपर्यंत ऑनलाइन उतरू नये.

जोडणी संथ असेल तर ओळखीची वेळही चुकते. शक्य असल्यास राउटरपासून थेट वायर घ्यावी. तरीही चेंडू थबकत येत असेल तर तो सामना ताकदीचे फटके टाळून, नियंत्रित फटक्यांवरच खेळावा. अशा सामन्यातील पराभवावरून गुणांचे वाटप बदलायला घेऊ नये. वाटप बदलण्याचा विचार, स्वच्छ जोडणीवर झालेल्या आठ-दहा सामन्यांत एकाच प्रकारचे पॉइंट पुन्हा पुन्हा जात आहेत असे वहीतील नोंदींवरून दिसले, तरच करावा, आणि तेव्हाही एका वेळी दोनपेक्षा जास्त रकान्यांना हात लावू नये.